मुल्तेच्या अंगावरचं नाव

त्या हिवाळ्यात योरुनने कुत्र्यांच्या स्लेज-शर्यतीसाठी प्रायोजक शोधत उत्तरेकडच्या बर्फाळ पासविक खोऱ्यातल्या एकूण एक दुकानाचे उंबरे झिजवले. माणसं गोड, आत बोलावून वाफल खाऊ घालणारी. पण पैशाचा विषय निघाला की प्रत्येकाला खिडकीबाहेरचं हवामान दिसायला लागायचं. लोकरवालीने मोजे दिले. बँकेने टोप्या दिल्या. चौदा कुत्रे टोप्या खात नाहीत, हे आता बँकेला कुणी सांगायचं? यंदा शर्यतीत उतरता आलं नाही, तर उन्हाळ्याआधी सगळी टोळी विकून टाकायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं. ठरवलं खरं, पण तेव्हापासून तिला घास गिळवत नव्हता.

शेवटचा उरला हाल्वार, सॅमन माशाला धुरी देऊन विकणारा. पैसा होता, पण माणूस कॉफीचा चोथा दोनदा उकळणाऱ्यातला. "आधी बघतो, मग बोलतो," म्हणाला, आणि रविवारी दुपारी खरंच आला.

योरुनने त्याला स्लेजमध्ये रेनडिअरच्या कातड्यावर बसवलं आणि कुत्रे जुंपायला घेतले. पट्ट्यांचा आवाज ऐकून म्हाताऱ्या मुल्तेने असा गळा काढला की बोलणं ऐकू येईना. मुल्ते तिचा जुना म्होरक्या, अकरा वर्षांचा, दोन वर्षांपासून कामातून सुटलेला. तिला राहवलं नाही. "चल बाबा, तळ्यापर्यंतच हं," म्हणत तिने त्याला सगळ्यांत पुढे जुंपलं.

आता या धंद्यात पहिला धडा एकच: आधी पाय स्लेजवर, मग स्लेज खांबाला बांधलेला दोर सोडायचा. नवशिक्यांना हे ती ओरडून ओरडून शिकवायची. आणि त्या दिवशी तीच बाई बाजूला उभी राहून, "हे बघ हाल्वार, कुत्र्यांच्या अंगरख्यावर इथे तुझं नाव येईल," असं दाखवता दाखवता दोर सोडून बसली.

टोळी गेली. हाल्वारसकट गेली.

टोळी हातून सुटणं ही आमच्याकडे तोंड लपवायची गोष्ट, आणि इथे तर प्रायोजकच आत. त्याहून वाईट म्हणजे पुढे तळ्याच्या तोंडाशी प्रवाह होता, तिथला बर्फ कायम कच्चा. तिने स्की चढवल्या आणि जीव खाऊन निघाली.

तळ्याआधीच्या वळणावर टोळी उभी होती. मुल्ते वाटेत आडवा बसून मागे बघत होता, आणि बाकीचे तेरा जण त्याच्यामागे चुळबुळत होते. तिला पाहून त्याने शेपटी दोनदा आपटली. योरुन गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून रडली. प्रायोजकाचं तिला भानही राहिलं नाही.

"मी थांब म्हणालो, हळू म्हणालो, शिव्याही दिल्या," मागून हाल्वार म्हणाला. त्याच्या भुवयांवर बर्फ जमला होता. "माझ्याकडे बघितलंही नाही. यापेक्षा माझी बायको बरी होती, ती निदान बघायची. पण तू मागे नाहीस हे कळल्यावर आपला आपण थांबला तो."

"चूक माझी आहे, हाल्वार."

"ते दिसलंच. पैसे देतो मी, सगळे देतो. पण शर्यतीत पुढे हाच पाहिजे."

योरुनने डोळे पुसले. एक हो म्हटलं की टोळी वाचत होती. "नाही जमायचं," ती म्हणाली. "तो पळेल रे. मी सांगितलं तर पडेपर्यंत पळेल, म्हणूनच नाही. राहू दे तुझे पैसे."

हाल्वारने नाक पुसलं. "मग माझं नाव याच्याच अंगावर घाल. फक्त याच्या. निघताना मी याला धरून उभा राहतो, लोक बघतील."

"न पळणाऱ्या कुत्र्यावर जाहिरात?"

"पैसे माझे आहेत ना? मग गप बस."

आणि शर्यतीच्या दिवशी तसंच झालं. तेरा कुत्रे कोऱ्या अंगरख्यांत, आणि कडेला मुल्ते, पाठीवर हाल्वारचं नाव मिरवत. टोळी निघाली तसा मुल्तेने हंबरडा फोडला. त्याला सांभाळत दोन तास थांबायचं कबूल केलेल्या हाल्वारला योरुनने वळून पाहिलं, तर तो मुल्तेच्या कानात काहीतरी समजावत होता.

सहाव्या दिवशी योरुन सतराव्या क्रमांकावर परत आली. टाळ्या वाजवायला फारसं कुणी उरलं नव्हतं. पण रेषेपाशी रेनडिअरचं कातडं अंथरलेलं होतं आणि त्यावर मुल्ते बसला होता, वाटेकडे तोंड करून. शेजारी थर्मास, आणि दाढी वाढलेला हाल्वार.

"अजून इथेच?" तिने विचारलं.

"हा घरी येईना," हाल्वार चिडून म्हणाला. "मग मी एकटा जाऊन काय करू?"