बारा रोपं आणि दक्षिणेची खिडकी

रशियातल्या आमच्या किरोव शहरात फेब्रुवारी संपत आला की बाहेर गुडघाभर बर्फ असतो आणि घराघरात खिडकीच्या कठड्यावर टोमॅटो उगवत असतात. दुधाची कापलेली खोकी, दह्याचे डबे, मिळेल त्यात माती. आमच्या इमारतीत या कामात रिम्मा अर्काद्येव्नाचा हात धरणारं कोणी नव्हतं. तीस वर्षं ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेली, अंगाने भक्कम, आवाज तसाच. पण तिच्या दोन्ही खिडक्या उत्तरेला. रोपं उजेडासाठी माना ताणून ताणून सुतासारखी बारीक व्हायची. म्हणून ती आपली खोकी जिन्यातल्या मोठ्या खिडकीत ठेवायची.

आणि तिथेच समोरच्या दारातले वेन्यामिन इल्यिच आडवे यायचे. ते नाटकगृहाच्या वाद्यवृंदात बासरीवाले होते. आता एकटेच. "जिना आहे की शेत?" असं म्हणत दरवर्षी ते इमारतीच्या कचेरीत तक्रार द्यायचे. त्यांच्या स्वतःच्या खिडक्या मात्र दक्षिणेला. दिवसभर ऊन, आणि कठड्यावर काय, तर जुनी वर्तमानपत्रं!

या वर्षी गोष्ट वेगळी होती. रिम्माच्या सासूबाईंनी गावाहून आणलेला गुलाबी टोमॅटो ती इतकी वर्षं बी धरून टिकवत आली होती. गेल्या उन्हाळ्यात रोग पडला आणि पीक काळं पडलं. हाती लागलं एकच बरं फळ, तेही अर्धं किडलेलं. त्यातून बारा बिया निघाल्या. बाराच्या बारा रुजल्या. आणि एप्रिलच्या मध्यावर दूरच्या सोलिकाम्स्क गावाहून रिम्माला निरोप आला, की तिच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, ये.

मी खालच्या मजल्यावर राहते. मलाच विचारायचं ना? पण माझं मांजर कोवळं पान दिसलं की सोडत नाही. शेवटी रिम्माने खोकं उचललं, समोरचं दार ठोकलं.

"वेन्यामिन इल्यिच, तुमचं माझं जमत नाही, ते राहू द्या. अकरा दिवस यांना ऊन हवंय."

"म्हणजे आता शेत माझ्या घरात?"

"हो. कोमट पाणी, थोडंच. रोज खोकं फिरवायचं. आणि खिडकी अजिबात उघडायची नाही. अजिबात!"

काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वर्तमानपत्रं बाजूला केली.

अकरा दिवसांनी रिम्मा परतली. बॅग जड होती म्हणून मीही वर गेले. घरात न जाता ती आधी समोरच्या दारी. वेन्यामिन इल्यिचनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, गळ्याला टाय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं.

"या, या! बघा, कशी टवटवीत आहेत!"

कठड्यावर बारा रोपं, एकसारखी, हिरवीगार. रिम्माने एक पान दोन बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं.

"वेन्यामिन इल्यिच."

"बोला."

"ही ढोबळी मिरची आहे."

"असं कसं? बाजारातली बाई तर म्हणाली..." आणि त्यांनी जीभ चावली.

मग सगळं बाहेर आलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मासा तळायला घेतला, तो करपला. घर धुराने भरलं, म्हणून खिडकी सताड उघडली. वारा असा आला की पडद्याने खोकं ओढलं आणि जमिनीवर आपटलं. बाराही रोपं मधोमध मोडली.

रिम्मा खुर्चीत बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "सासूबाईंचं एवढंच उरलं होतं हो."

"मला शिव्या द्या," ते म्हणाले. "हवं तर ट्रॉलीबसमध्ये देत होतात तशा द्या."

"आणि मोडलेली कुठे टाकलीत?"

"टाकली नाहीत. टाकवेना. फुलं ठेवतात तशी पाण्यात ठेवलीत, स्वयंपाकघरात."

रिम्मा ताडकन उठली. आम्ही मागोमाग. टेबलावर चहाचे बारा ग्लास. तीन शेंडे कुजले होते. बाकीच्या नऊंच्या देठांना पाण्यात पांढऱ्या मुळ्या फुटल्या होत्या, दाढीच्या खुंटांसारख्या.

"अहो, तुम्ही हे केलंत तरी काय!" रिम्मा ओरडली, आणि आता ते ओरडणं आनंदाचं होतं. "मुळं आलीत! यांना मुळं आलीत, म्हातारबा!"

"मला वाटलं, बुरशी आहे," ते पुटपुटले.

ती इतकी हसली की मला तिच्या पाठीवर थापटावं लागलं. मग तिने बाह्या सरसावल्या, त्यांना माती आणायला पिटाळलं आणि संध्याकाळपर्यंत दोघं मिळून नऊ रोपं डब्यांत लावत बसले. मिरच्याही ठेवून घेतल्या. जिवंत रोप कोण टाकतं?

जूनमध्ये थंडी सरल्यावर ते तिच्याबरोबर शहराबाहेरच्या दाचावर, म्हणजे बागेतल्या तिच्या छोट्या घरी गेले, रंगमंचावरचे चकाचक बूट घालून. तिने त्यांच्या हाती फावडं दिलं आणि दिवसभर "खोल! अजून खोल!" म्हणून पिटाळलं. बूट गेले ते गेलेच. ऑगस्टच्या शेवटी मुठीएवढे गुलाबी टोमॅटो उतरले. पहिला त्यांनी तिथेच उभ्याने मीठ लावून खाल्ला, रस कोपरापर्यंत ओघळला, आणि लगेच दुसऱ्याला हात घातला.

आता मात्र त्यांना थांबवता येत नाही. परवा पहिल्या मजल्यावर नवं जोडपं राहायला आलं, तर हे जिन्यातच त्यांना गाठून सांगत होते, "टोमॅटो तिरपा लावायचा असतो, तिरपा! सरळ लावतात ते अडाणी."

वरच्या मजल्यावरून रिम्मा ओरडली, "वेन्या, सूप गार होतंय! त्यांना आधी सामान तरी लावू दे."