सह्या ग्योंगजाच्या, चेहरा सनह्वाचा

देजॉन शहरातल्या जुन्या बाजारात ग्योंगजाचं कपडे अल्टर करायचं दुकान होतं. पहाटे घरपोच किराणा देणाऱ्या कंपनीकडून लोकांचे नागरिक क्रमांक चोरीला गेलेत, हे वस्तीत सगळ्यात आधी तिच्याच लक्षात आलं. तिच्या नावावर कुणीतरी चार फोन घेतले होते. मग ती दारोदार फिरली आणि दोनशे जणांच्या सह्या गोळा करून तिने तक्रार दाखल केली.

पण टीव्हीवाले आले तेव्हा त्यांना सापडली सनह्वा. ग्योंगजाची धाकटी मैत्रीण, बालवाडीची बाई. बोलणं गोड, डोळ्यांत पाणीही वेळेवर येणारं. दुसऱ्या दिवसापासून बाजारात जो तो म्हणायला लागला, "सनह्वाबाईंची केस काय म्हणते?"

ग्योंगजा ऐकून मशीन चालवत राहायची. शिलाई मात्र वाकडी जायची.

एके दुपारी कंपनीचा मॅंग नावाचा अधिकारी दुकानात आला. अदबीने वाकला, खुर्चीच्या कडेला बसला.

"खरी मेहनत तुमची, हे आम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला. "त्या टीव्हीवरच्या बाई स्वतःचा पासवर्ड तरी नीट सांभाळतात का हो?"

इतक्या दिवसांत कुणी तिची मेहनत बोलून दाखवली नव्हती. ग्योंगजाच्या तोंडून निघून गेलं, "कसला सांभाळतेय. फ्रिजवर चिठ्ठी चिकटवलीय तिने."

तक्रारीची सरकारी तंटा निवारण समितीपुढे सुनावणी झाली, तेव्हा कंपनीच्या वकिलाने त्याच चिठ्ठीचा विषय काढला. "या बाई पासवर्ड फ्रिजवर लावतात. मग दोष कंपनीचा कसा?"

सनह्वाचा चेहरा उतरला. तिच्या स्वयंपाकघरात ऊठबस असलेली बाहेरची बाई एकच होती. तिने मागे वळून पाहिलं.

क्षणभर ग्योंगजाला बरं वाटलं. मग वकील हसला आणि तिच्या अंगाची आग झाली. ती उठून उभी राहिली.

"साहेब, मी तर पासवर्ड कुठे लिहूनच ठेवत नाही. माझाही नंबर गेला. आम्हा दोनशे जणांचा फ्रिज एकच होता का?"

समितीच्या अध्यक्षबाईंनी वकिलाकडे पाहिलं. "याचं उत्तर द्या."

वकील कागद चाळू लागला. माहिती वर्षभर उघडी पडली होती आणि वरच्यांना ते माहीत होतं, हे कंपनीला दीड महिन्याने लिहून द्यावं लागलं.

सुनावणीच्या दिवशीच, घरी जाताना बसथांब्यावर सनह्वाने विचारलं, "ताई, तुम्हीच सांगितलंत ना?"

"मीच."

"का?"

"सह्या मी गोळा केल्या. दिसलीस तू."

"मला तसं सांगायचं होतंत. मी लगेच बाजूला झाले असते."

"तेच तर नको होतं," ग्योंगजा म्हणाली. "तू हसत हसत झाली असतीस. त्यातही लोकांनी तुझंच कौतुक केलं असतं."

सनह्वाची बस आली. ती चढली.

कंपनीचं माफीपत्र आलं त्यात पहिलं नाव ग्योंगजाचं होतं. सनह्वानेच समितीला तसं कळवलं होतं. हे ऐकल्यावर ग्योंगजाला त्या पत्राचाही धड आनंद घेता आला नाही. सनह्वा आता रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करते, विचारपूस करते. पण आधी ग्योंगजाकडे यायचे ते बालवाडीचे पडदे ती नाल्यापलीकडच्या शिंप्याकडे टाकते. ग्योंगजाने जाऊन पाहिलेत ते. शिलाई बरी आहे त्याची, हे तिने कुणाला सांगितलेलं नाही.