थोरलीचा आवाज

“सॅटिनला हात लावू नकोस,” असं मी म्हणेपर्यंत नवऱ्याने ते कापड उचलून कपाटावर ठेवलंसुद्धा. मी शिलाई मशीनवरून उठले, कापड उलटसुलट करून पाहिलं. एकही धागा ओढला गेला नव्हता.

सव्वीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच. वाद्याच्या जाड तारा दाबून दाबून त्याच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडलेत. सॅटिनवरून बोट फिरलं की धागा निघालाच. लोकांचे कपडे दुरुस्त करणं हा माझा धंदा, त्यामुळे घरात नियमच होता: तलम काही दिसलं की त्याने हात पाठीमागे घ्यायचे.

“बघू हात.”

“कशाला?”

“बघू तर.”

त्याने हात खिशात घातला. “चहा टाकतो,” म्हणाला.

नवरा आपणहून चहा टाकायला निघाला की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

आठवडाभर तो टपाल कचेरीत पत्रं लावतो. शनिवारी दुपारी एका हॉटेलच्या चहाच्या दालनात तिघं जॅझ वाजवतात: एक पियानो, एक ड्रम आणि ह्याचा डबल बास. माणसापेक्षा उंच, घोगऱ्या आवाजाचं ते धूड माझ्या आधी ह्या घरात आलं, म्हणून मी त्याला थोरली म्हणते. मी धाकटी. दोन खोल्यांच्या घरात खिडकीजवळचा उजेडाचा कोपरा अर्थातच थोरलीचा. “तुझं वाजवणं थांबेल त्या दिवशी हिला घराबाहेर काढीन आणि तिथे माझं मशीन मांडीन,” हे मी आजवर हजारदा तरी म्हटलं असेल. तो हसायचा.

पण चार महिन्यांत थोरली घरी एकदाही खोळीतून निघालेली नव्हती. सराव म्हणे पियानोवालीकडे, दर मंगळवारी. ही बाई दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे आणि ह्याला ‘दादा’ म्हणते. दादा म्हणायला काय जातं? त्यात आता ही मऊ बोटं. घट्टे काय आपोआप जातात? कुणीतरी मलम चोळून देत असणार. मी त्याच्या कोटाचे खिसे उलटे केले. शिंपिणीला त्यासाठी निमित्त लागत नाही. काही सापडलं नाही, तसा माझा संशय वाढलाच. इतके स्वच्छ खिसे ठेवणारा पुरुष सरळ नसतो.

शनिवारी न सांगता गेले. एरवी मी पुढच्या टेबलाशी बसते. त्या दिवशी खांबाआड बसले, पियानोच्या मागच्या अंगाला. तिथून पियानोवालीचा चेहरा दिसत होता आणि हातही.

ती त्याच्याकडे बघत होती. चोरून नाही, एकटक, उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी. पूर्वी तिघंही डोळे मिटून वाजवायचे. पियानोने काही विचारायचं, थोरलीने सावकाश उत्तर द्यायचं, ड्रमने मध्ये हं हं करायचं. शब्द एक नाही, पण एका घरातली माणसं बोलतायत असं वाटायचं. मला त्या घराचाच हेवा वाटायचा, खरं सांगायचं तर.

त्यातलं शास्त्र मला कळत नाही. थोरलीचा आवाज मात्र मी भिंतीपलीकडून सव्वीस वर्षं ऐकलाय. तिचा सूर जरा घुमत राहतो आणि मग बसतो, दमलेला माणूस खुर्चीत बसतो तसा. त्या दिवशी काही सूर तसे होते. बाकीचे कोरडे, ठोकून बसवलेले.

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. डावा हात तारांवरून खालीवर जात होता, पण शेवटची दोन बोटं मिटलेलीच. तार दबत नव्हती. न दाबता वाजणारे चार सूर तेवढे तो छेडत होता. मधले सगळे पियानोवाली आपल्या डाव्या हाताने भरत होती, पट्ट्यांच्या अगदी कडेला जाऊन, जिथे ती पूर्वी कधी जायचीच नाही. कुठला सूर त्याच्याकडून येईल आणि कुठला आपल्याला द्यावा लागेल, हे कळायला तिला त्याच्याकडे बघावं लागत होतं. ड्रमवाल्याने काठ्या ठेवून तारांचे ब्रश घेतले होते. सांधा दिसू नये म्हणून मी आतून अस्तर लावते, तसा त्याचा आवाज सगळ्याखाली पसरला होता.

मध्यंतरात मी तिला बोळात गाठलं.

“वहिनी? तुम्ही कधी आलात?”

“त्याच्या हाताला काय झालंय?”

तिने मागे वळून पाहिलं. “नस गेलीय. दोन बोटं कामातून गेली, उरलेल्यांत तार दाबायचा जोर नाही. डॉक्टर म्हणतात, परत येण्यातली नाहीत.”

“आणि हे तुम्हा दोघांना ठाऊक. मला नाही.”

“दादांनी शपथ घातली होती.”

“का?”

“म्हणाले, वाजवणं थांबलं असं तिला कळलं तर ती थोरलीला घरात ठेवणार नाही.”

“अगं, ती थट्टा होती.”

“मी म्हटलं तसं. तर म्हणाले, हजारदा केलेली कसली थट्टा.” तिने माझ्या बाहीला हात लावला. “तुम्हाला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका. एवढा शनिवार आहे म्हणून ते…”

मला तिचा राग यायचा तो आलाच. नवऱ्याचं दुखणं दुसऱ्या बाईला आधी कळावं, हेही काही कमी नसतं.

दुसऱ्या भागात मी माझ्या नेहमीच्या टेबलाशी जाऊन बसले. त्याने मला पाहिलं. हात क्षणभर अडखळला. पियानोवर एक सूर ताबडतोब आला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

शेजारच्या टेबलावरचे चष्मेवाले गृहस्थ माझ्याकडे झुकले. “बाई, त्या मोठ्या वाद्यवाल्याकडे बघा. बोटं नुसती फिरतायत. आवाज भलतीकडूनच येतोय. फसवतायत की काय आपल्याला?”

“मी त्याची बायको,” मी म्हटलं. “सव्वीस वर्षं ऐकतेय. त्याचाच आवाज आहे.”

“तसं नव्हे, मला आपली शंका आली…”

“तुमचा चहा निवतोय.”

ते कपाकडे वळले. पण माणूस चिवट होता, माझ्यासारखाच. थोड्या वेळाने पुन्हा मान उंच करून बघू लागला. मी माझी खुर्ची हळूच सरकवली, नेमकी त्याच्या नजरेच्या आड येईल अशी, आणि पाठ ताठ करून बसले. ती धून संपेपर्यंत मागे टेकले नाही.