पारा वेचायच्या संध्याकाळी

धाकटी बावन्न वर्षांची झाली, केस पिकले, तरी घरात ती धाकटीच. धाकटेपण काही वयाने जात नाही, जन्माचा शिक्का तो! त्या दिवशी मात्र मोठ्या माणसाचं काम तिच्याच गळ्यात येऊन पडलं.

झालं असं, की थर्मामीटरचा जुना कारखाना बंद पडून वर्षं लोटली, आणि आता कुठे कोणाला जाग आली. कारखान्यामागची घरं तपासायला एक तपासनीस बाई आल्या, तेव्हा धाकटी माहेरी, बाबांकडे आलेली होती. हातात डब्याएवढं यंत्र. स्वयंपाकघरात यंत्र गप्प होतं, पुढच्या खोलीत जरा कुरकुरलं, आणि मधल्या खोलीत टेबलाजवळ जे बोंबलायला लागलं ते थांबेचना. बाईंनी गुडघे टेकून लाकडी जमिनीच्या फटीत बॅटरी मारली. आत बारीक बारीक मणी चमकत होते.

"इथे पारा कोणी आणला?" बाईंनी विचारलं.

"आम्हीच वेचायचो की!" धाकटी बोलून गेली, आणि तेही अभिमानाने हो!

तुम्ही कधी पारा तळहातावर घेतलाय? नसेल, तर तुम्हाला काय सांगायचं, कप्पाळ! बाबा त्या कारखान्यात चौतीस वर्षं काचेच्या नळ्यांत पारा भरायचे. फुटक्या मालाचा चुरा कामगारांनी घरी न्यायचा, त्यातला पारा वेचून बाटलीत भरायचा आणि सकाळी परत द्यायचा, अशी तिथली पद्धत. संध्याकाळी बाबा पत्र्याचं ताट टेबलावर ठेवत, आई दिवा जवळ ओढून घेई, आणि चौघांची डोकी एकमेकांवर आपटत. खिडक्या मात्र घट्ट बंद. धूळ बसली की पारा मळतो आणि मळका पारा मुकादम परत घेत नाही, म्हणून. चुरा ओला असला तर ताट शेगडीपाशी.

धाकटीकडे काम पळालेले थेंब पकडायचं. एक धरायला जावं तर त्याचे पाच व्हायचे आणि पाचही पाच दिशांना. आई हसून हसून बेजार. एरवी शब्द बोलायला महाग असलेले बाबा मुकादमाची अशी नक्कल करायचे, की शेजारची मंडळी भिंतीवर थापा मारायची. अहाहा, काय त्या संध्याकाळी होत्या! पुढे धाकटीचं लग्न झालं, मुलं झाली, पण चार माणसं एवढी जवळ बसलेली तिने परत कधी पाहिली नाहीत.

पण खरा कारागीर दादा. धाकटीपेक्षा पाच वर्षांनी मोठा. पोस्टकार्डाच्या कडेने तो काचेच्या भुग्यातून मोहरीएवढा थेंब अलगद उचलायचा. "हात बघा पोराचा!" बाबा म्हणायचे. "सोनाराच्या काट्यासारखा!" मग दादा आणखीनच ताटावर वाकायचा. झोपायचाही तिथेच, टेबलाखाली अंथरूण घालून.

"पारा हवेत उडतो," तपासनीस बाई सांगत होत्या. "दिसत नाही, वास येत नाही. कोंडलेल्या खोलीत आणि उबेला तर फारच. तुमच्यापैकी कोणाचे हात कापायचे का? हिरड्यांतून रक्त यायचं? माणूस एकदम बुजरा, नाहीतर चिडका झाला, असं काही?"

धाकटीची नजर टेबलाखाली गेली.

दादा एकोणीस वर्षांचा असताना बाबांनी त्याला घड्याळजीच्या हाताखाली शिकायला ठेवलं. एवढा हात पोराचा, वाया कशाला घालवायचा! पण तिथे त्याच्या चिमट्यातून स्क्रू पडायला लागले. चारचौघांत बोलायची वेळ आली की तो घामाघूम व्हायचा, आणि घरी क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावायचा. तीन महिन्यांत घड्याळजीने त्याला परत पाठवलं. हात कापतो तो पिणाऱ्याचा, हे बाबांचं पक्कं गणित. "दारू पितोस?" त्यांनी विचारलं. "नाही," दादा म्हणाला, पण तेही बिचारा थरथरत. बाबांनी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. दादा घराबाहेर पडला, त्याला अडतीस वर्षं झाली. आई गेली तेव्हा आला आणि दारातूनच परत गेला. महिन्यातून एकदा धाकटीला फोन करायचा, तेवढंच.

"मग बाबांना कसं काही झालं नाही?" तिने बाईंना जवळजवळ भांडल्यासारखं विचारलं.

"कारखान्यात छप्पर उंच, झरोके मोठे. आणि सगळ्यांना सारखं बाधत नाही. जो ताटावर जास्त वाकला, त्याला जास्त." बाईंनी मधल्या खोलीच्या दाराला पिवळी पट्टी लावली. जमीन उखडून साफ होईपर्यंत घरात कोणी राहायचं नाही, असं सांगून त्या पुढच्या घराकडे गेल्या.

धाकटीला त्या बाईंचा इतका राग आला म्हणून सांगू! बाईंचं काय चुकलं होतं? काही नाही. पण बालपण म्हणावं असं तिच्यापाशी तेवढंच तर होतं, आणि त्यालाही पट्टी लावून गेल्या. वर आता हे धर्मसंकट. सांगावं, तर एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा मोडून पडायचा. न सांगावं, तर दादा बाबांच्या लेखी मरेपर्यंत दारुडाच. तिने बाबांचे कपडे पिशवीत भरले, परत काढले, परत भरले.

बाबा अंगणात बाकावर बसले होते. "काय गं, काय म्हणत होती ती?" त्यांनी विचारलं.

धाकटी शेजारी बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. काही गाळलं नाही. बोलताना मात्र तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, तेवढी हिंमत कुठून आणायची?

बाबा आपले गुडघे चोळायला लागले. मग म्हणाले, "खिडक्या मीच लावायला सांगायचो. नाही का?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! पण "हो, बाबा," ती म्हणाली.

"फोन लाव त्याला."

तिने लावला आणि आवाज मोठा केला. "बोल गं," दादा म्हणाला.

"दादा, बाबा बोलताहेत."

बाबा फोनकडे वाकले.

"तू पीत नव्हतास," बाबा म्हणाले.

"नव्हतो."

"तुझे हात पाऱ्याने कापत होते. मी घरी आणलेल्या पाऱ्याने. आज कळलं."

दादा हळू आवाजात म्हणाला, "तेव्हा पीत नव्हतो, बाबा. नंतर प्यायला लागलो. म्हटलं, नाव तर झालंच आहे."

बाबांनी डोळे मिटून घेतले. त्या थपडेपेक्षा हे जास्त लागलं असणार, आणि लागायलाच हवं होतं. पण धाकटीला त्यांच्याकडे बघवेना.

"आणि आता?" बाबांनी विचारलं.

"सोडली. नऊ वर्षं झाली."

"घरी..." बाबांनी सुरुवात केली आणि ते अडले. आतल्या दाराची पिवळी पट्टी अंगणातून दिसत होती. अडतीस वर्षांनी बोलवायला तोंड उघडलं, आणि पोराला बोलवू नये अशी जगात एकच जागा उरली होती. "मीच येतो," ते म्हणाले. "आजच येतो. चालेल का तुला?"

"दोन जिने आहेत, बाबा. तुम्हाला जमायचे नाहीत. मी खाली येऊन उभा राहतो, हात धरायला." मग तो म्हणाला, "पण माझे हात अजून कापतात."

"कापू देत," बाबा म्हणाले, आणि उठून चपला शोधायला लागले.