कमरेचं इंजेक्शन

फ्रिजच्या दारात, लोण्याच्या कप्प्यात, एका स्टीलच्या डबीत ती बाटली असायची. सासूबाईंना आम्ही सांगितलं होतं, राजरत्नच्या कमरेचं इंजेक्शन आहे. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. एमआयडीसीतल्या कंपनीत टेम्पोतून उतरवताना भरलेलं पिंप त्याच्या अंगावर आलं. कमरेचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण आतल्या नसा पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. आमची मुलगी राजसी तेव्हा तान्ही होती. तो चालायला लागला, पुन्हा कामावरही जायला लागला, पण आम्ही नवरा-बायको एका पलंगावरचे शेजारी होऊन गेलो.

गोळ्या घेऊन झाल्या. भिंतीवरच्या जाहिरातीतल्या एका वैद्याची भुकटी झाली, तिने त्याचं पोट तेवढं बिघडलं. मग कुणीतरी उल्हासनगरचे डॉक्टर सुचवले. वयस्कर, सिंधी, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारे. त्यांनी मला बाहेर बसू दिलं नाही. दोघांनाही समोर बसवून सगळं शिकवलं. पहिलं इंजेक्शन तिथेच दिलं आणि असर उतरेपर्यंत आम्हाला बसवून ठेवलं. सुई कमरेत नाही, खाली त्या जागीच, पण बाजूने टोचायची, शीर दिसते तिथे नाही, एकदा डावीकडे तर पुढच्या वेळी उजवीकडे, नंतर कापसाने दाबून धरायचं. एका दिवसात दुसऱ्यांदा घ्यायचं नाही. नसेच्या दुखण्याला थोडंसंच औषध पुरतं, म्हणून सिरिंजवरची अगदी खालची रेघ त्यांनी ठरवून दिली.

"हा आकडा मी ठरवणार," ते राजरत्नला म्हणाले. "तू नाही, तुझी बीवी पण नाही. आणि चार तासांत उतरलं नाही, तर लाज घरी ठेवून इकडे यायचं. उशीर केलास तर आतलं मांस मरतं. मग हे इंजेक्शन पण चालणार नाही, कायमचं."

अंबरनाथ पूर्वेला आमच्या दोन खोल्या, बाजूला एवढंसं स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत सासूबाई, आतल्या खोलीत आम्ही तिघं. सासूबाई, म्हणजे द्रौपदीबाई, घर सोडून कुठे जात नाहीत. पण पावसाळ्यात वर्षावास लागला की रोज दुपारी पांढरी साडी नेसून विहारात ग्रंथवाचनाला जातात. राजरत्न पहिल्या पाळीहून आलेला असतो, राजसी झोपलेली असते. तेवढाच वेळ आमचा. खरं सांगू, त्या वेळी मलाही झोपच हवी असायची. धुणं, राजसीचा खोकला, पाण्याची वेळ, सगळं अंगात साचलेलं असायचं. पण तो डबी काढायला उठायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसणाऱ्या मुलासारखं काहीतरी असायचं. ते पाहिलं की मी उठून बसायचे. तो सुई टोचायचा, कापूस मी धरायचे. कधी कधी तर मला तो कापूस धरण्याचा वेळच जास्त आवडायचा. तो माझ्या खांद्याला डोकं टेकून गप्प बसायचा.

त्या उन्हाळ्यात लोडशेडिंगने कहर केला होता. दिवसातून कितीतरी तास वीज नाही. फ्रिजमधलं दूध नासायचं, बर्फाचं पाणी होऊन खाली ओघळायचं. त्या गरमीत बाटलीतलं औषधही मरत होतं हे आमच्या ध्यानातच आलं नाही. पाऊस लागला तेव्हा एकदा इंजेक्शनचा काही उपयोग झाला नाही, पुढच्या वेळीही नाही. राजरत्न भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्यानंतरच्या तीन खेपांना मात्र जमलं. मला वाटलं, त्याच्या मनाचाच खेळ असेल.

मग बाटली संपली. त्याने कंपनीतून परस्पर उल्हासनगर गाठून नवी आणली.

नव्या बाटलीची पहिली दुपार होती. सासूबाई गेल्या. मी राजसीला थोपटत होते, तोवर त्याने सुई घेऊनही टाकली. सगळं नीट झालं. छानच झालं. मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसून होता.

"उतरत नाहीये," तो म्हणाला.

आधी आम्ही हसलो. मग तो खोलीत चालला, थंड पाण्याचा फडका ठेवला, पुन्हा चालला. हळूहळू त्याच्या बोलण्यातला विनोद गेला आणि दुखणं आलं. किती घेतलंस, मी विचारलं. त्याने सिरिंज दाखवली. ठरलेल्या रेघेच्या दुप्पट. जुन्या बाटलीने काम होईना म्हणून त्याने आपल्या मनाने रेघ वाढवली होती, आणि नव्या, ताज्या औषधालाही तीच रेघ लावली होती.

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. विहाराचा पत्रा गळायला लागला म्हणून वाचन आमच्याकडे आणलं होतं. बघता बघता बाहेरची खोली पांढऱ्या साड्यांनी भरली. दारापासून आमच्या पडद्यापर्यंत बायका मांडी घालून बसल्या. वाचायला कौसाबाई. त्या एक परिच्छेद वाचतात आणि त्यावर दोन परिच्छेद स्वतःचे बोलतात.

घराला दार एकच. मी म्हटलं, चल. तो म्हणाला, या उठल्या की जाऊ. मी त्याला डॉक्टरांचे शब्द आठवून दिले. त्याला पाठ होते ते. पण लहानपणापासून त्याला अंगाखांद्यावर खेळवलेल्या बायका होत्या त्या. त्यांच्यामधून, तसा, तो जाणार नव्हता. "मेलो तरी चालेल," तो म्हणाला, आणि दात आवळून पलंगाचा कठडा धरून बसला. तीन तास होऊन गेले होते. बाहेर अध्याय अर्धाही झाला नव्हता, आणि अध्यायानंतर खीर होती.

मी बाहेर जाऊन सासूबाईंना खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं. दूध उतू गेलं असेल अशा चेहऱ्याने त्या आल्या. दुसरं मूल कधी, दुसरं मूल कधी, असं त्या मला वर्षभर विचारत होत्या, आणि मी वर्षभर हो-हो करत होते. आता ओट्याला टेकून मी त्यांना सगळं सांगितलं. हलक्या आवाजात, काही न झाकता. काय आहे, कशाचं आहे, आणि आत्ता गेलं नाही तर काय जाईल.

त्यांनी पदराने हात पुसले. पुसतच राहिल्या.

"कमरेचं म्हणाली होतीस."

"कमरेचंच आहे, आई."

त्यांनी फ्रिजकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझं पोर दोन वर्षं हे एकट्याने ओढत होतं होय. आणि मी आपली तुलाच बोलत होते." एवढं बोलून बाहेर गेल्या. मी पडद्याआड उभी राहून ऐकलं.

"कौसा, थांब जरा. राजरत्नला दवाखान्यात न्यायचंय. उठा, वाट द्या."

काय झालं, काय झालं, सुरू झालं. कौसाबाई म्हणाल्या, सकाळी तर नळावर चांगला होता की.

"दुखतंय त्याला," सासूबाई म्हणाल्या. "तुझं गर्भाशय काढलं तेव्हा मी विचारत बसले होते का, कुठून काढलं म्हणून?"

बायका उठल्या. मी राजरत्नला त्याचा पावसाळी कोट घातला, सगळी बटणं लावली. तो मान खाली घालून निघाला, थोडा वाकलेला, माझा हात धरून. कौसाबाईंनी त्याच्या चपला सरळ करून ठेवल्या. राजसी जागी होऊन रडायला लागली तशी सासूबाईंनी तिला कडेवर घेतलं आणि मला हातानेच सांगितलं, जा.

उल्हासनगरपर्यंत रिक्षा खड्ड्यांतून जात होती. प्रत्येक खड्ड्याला तो माझा हात दाबायचा. डॉक्टरांनी लगेच आत घेतलं. किती घेतलं, त्यांनी विचारलं. कागदावर आहे तेवढंच, राजरत्न म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं. मलाच तोंड उघडावं लागतं की काय असं वाटलं, पण मग तो स्वतःच म्हणाला, "दुप्पट. चार वेळा झालं, डॉक्टर. आधीची बाटली गरम होऊन गेली असणार."

डॉक्टर ओरडले नाहीत. सुईने साचलेलं रक्त काढलं, मग उतरवण्याचं औषध दिलं आणि सारखं ब्लडप्रेशर बघत राहिले. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आतून त्याचं कण्हणं ऐकू आलं, मग बराच वेळ काहीच नाही. ते काहीच नाही फार लांबलं. मग डॉक्टर हात पुसत आले.

"वेळेत आणलंस, बेटा. वाचलं सगळं." मग दोघांना बसवून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. महिनाभर सुट्टी. नंतर पहिल्यासारखंच इथे त्यांच्यासमोर लहान डोसपासून सुरुवात. वीज बराच वेळ गेली तर थंड थर्मासमध्ये ठेवा. असर कमी वाटला तर रेघ नाही वाढवायची, फोन करायचा.

घरी आलो तेव्हा खोली झाडून झाली होती, खीर वाटून झाली होती. सासूबाईंनी राजसीला भरवून आपल्याजवळ झोपवलं होतं. आम्हाला ताटं वाढली. जेवताना त्या राजरत्नकडे बघत नव्हत्या, तोही त्यांच्याकडे बघत नव्हता. बोलल्या त्या माझ्याशी.

"बरं आहे ना आता?"

"बरं आहे."

"आजपासून पोरगी माझ्याकडे झोपेल. खोकली तर उठवीन."

आत आल्यावर राजरत्न पंख्याकडे बघत आडवा झाला. मग म्हणाला, "एवढं सगळं करून, भावना. तुला तरी हवंय का हे?"

मी इतकी थकले होते की खोटं बोलायलाही त्राण नव्हतं.

"मला आत्ता झोप हवीय," मी म्हटलं. "आणि तू हवायस. औषधाच्या दिवशी हवायस, नसेल त्या दिवशीपण."

तो भिंतीकडे सरकला आणि त्याने मला जागा करून दिली.