टेकू लावलेले गुडघे

मित्रांनो, मी एक जुना सांगाडा आहे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, कोण जाणे. पण मनात खुपतं आहे, म्हणून सांगतो.

एका कारखान्यात माझी प्लॅस्टिकची हाडं साच्यातून निघाली, स्क्रूंनी जोडली गेली आणि मी निंबोला गावाजवळच्या एका शाळेत आलो. मुलं माझा हात धरून कोपर हलवून पाहत. खांदा चहूकडे फिरतो, गुडघा मात्र दारासारखा एकाच बाजूला दुमडतो, हे ती माझ्यावरून शिकत. तेव्हा मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटे.

पुढे माझे गुडघे सैल झाले. मी सारखा कोसळू लागलो. तेव्हा शिपाई लोटूकाकांनी घडाच्या भाराने वाकलेल्या केळीला लावतात तसा बांबूचा टेकू माझ्या दोन्ही पायांना लावला आणि सुतळीने करकचून बांधला. मी उभा राहिलो, पण माझे गुडघे दुमडेनात.

परवा पालकांची सभा होती. सहावीतली तृप्ती आजीला, मालूबाईंना, घेऊन आली. आजी एक पाय काठीसारखा ताठ टाकत होत्या. प्लॅस्टर निघून दोन महिने झाले होते.

"आजी, डॉक्टरांनी पाय वाकवायला सांगितला नव्हता का?" विज्ञानाच्या निशा मॅडमनी विचारलं.

"सांगितला व्हता. पर ही पोरगी म्हने, शाळेतल्या हाडकाच्या बाबालेबी टेकू लावेल हाय. वाकवला त मोडीन. मंग म्या फडकं बांधून ठेवलं."

"अरे आजी, वो तो गिरता था इसलिए बांधा!" तृप्तीच्या वर्गातला पंकज हसत सुटला.

"मी काय डॉक्टर हाय का?" लोटूकाका पुटपुटले.

तृप्तीला रडू फुटलं. "आता वावरात तण निंदाले बसताच येत नाही," आजी म्हणाल्या. मला माझ्या रिकाम्या डोळ्यांचीही लाज वाटली.

मॅडमनी माझी सुतळी कापली. मला खुंटीला टांगून त्यांनी मांडीच्या पुढे आणि मागे, गुडघ्याच्या खालपर्यंत, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्या आणि एकेक ओढून दाखवत म्हणाल्या, "हाड स्वतः हलत नाही. मेंदूचा निरोप आला की स्नायू आकसतो आणि हाडाला ओढतो. त्याला ढकलता येत नाही. म्हणून मांडीच्या पुढचा स्नायू पाय सरळ करतो, मागचा स्नायू तो दुमडतो. बसून राहिले की दोघंही दुबळे होतात, सांधा आखडतो."

"मंग माहे बी ओढतीन?"

"ओढतील. पण आधी डॉक्टरांना दाखवू. जबरदस्ती नको."

आजींनी फडकं सोडलं. बाकावर बसून दात आवळले. त्यांची टाच हळूहळू, वीतभर, बाकाखाली सरकली. "हाय, माय वं!" त्या कळवळल्या. मग डोळे पुसत तृप्तीला म्हणाल्या, "रडू नको वं. चाल, दवाखान्यात जाऊ."

मित्रांनो, घरी कोणाचा सांधा आखडला असेल, तर डॉक्टर सांगतील तसा तो रोज थोडा हलवायला त्यांना हात द्या. आणि माझ्यासारख्याला शिकवायला उभं करण्याआधी, तो काय शिकवतो आहे ते एकदा नीट पाहा.