पुरावा मॅडमची कादंबरी

माझी थोरली बहीण सकाळी विधी महाविद्यालयात पुराव्याचा कायदा शिकवायची आणि अकराच्या सुमाराला काळा कोट चढवून कोर्टात उभी राहायची. वर्गात कुणी काहीही म्हणालं की तिचं ठरलेलं, "पुरावा काय?" म्हणून मुलांनी तिचं नावच पुरावा मॅडम पाडलं होतं. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

साठी उलटल्यावर तिने कादंबरी लिहायला घेतली. घरात कुणाला पत्ता नाही. जेवणाच्या टेबलावर पसरलेले कागद म्हणजे कुठलं तरी अपील असेल, असं मी धरून चालले होते. दोन वर्षांनी तिने तीनशे पानांचा गठ्ठा माझ्या पुढ्यात ठेवला.

"वाच. आणि बहीण म्हणून वाचू नकोस."

गोष्ट होती शिवणकाम करणाऱ्या एका बाईची. नवऱ्यापासून वेगळी झालेली, मुलीच्या ताब्यासाठी कोर्टात गेलेली आणि हरलेली. नावगाव बदललं होतं, पण मी ओळखलं. ताईनेच पंचवीस वर्षांपूर्वी लढवलेली केस ती. निकालानंतर कित्येक दिवस ताई घरात कुणाशी धड बोलली नव्हती.

दोन प्रकाशकांनी उत्तरच दिलं नाही. तिसरे भले गृहस्थ होते. चष्मा पुसत म्हणाले, "बाई, लिहिलंय झकास. शेवटी तेवढी मुलगी आईला मिळू द्या. वाचकाला चुटपुट लावून सोडू नये."

"मी ती केस हरले आहे," ताई म्हणाली. "कागदावर जिंकून काय करू?"

गठ्ठा काखेत मारून ती बाहेर पडली आणि रस्त्यातच मला म्हणाली, "मीच छापते."

"त्या बाईंना विचारलंस?"

ताई चालता चालता थांबली. जन्मभर दुसऱ्यांची संमतीपत्रं तपासली होती तिने, पण हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या बाईंचं दुकान शोधून काढलं. दोन मशिनं, भिंतीला टांगलेले अर्धवट शिवलेले कपडे. बाईंचे केस पांढरे झाले होते, पण त्यांनी ताईला बघताक्षणी ओळखलं. ताईने गठ्ठा पुढे केला. "यात तुम्ही आहात. नको म्हणालात तर छापणार नाही."

"वाचते, मग सांगते," त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी त्यांचा निरोप आला, तशा आम्ही पुन्हा दुकानात गेलो. गठ्ठ्यातल्या एका पानाला त्यांनी टाचणी लावून ठेवली होती.

"बाकी सगळं बरोबर आहे. इथे मात्र निकाल ऐकून मी रडते, असं लिहिलंय. मी रडले नव्हते. पोरीच्या फ्रॉकचं बटण लोंबत होतं, ते लावून द्यायला हवं, एवढंच डोक्यात होतं. रडलात तुम्ही. बाहेर, भिंतीकडे तोंड करून."

ताईचा चेहरा उतरला. "तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं. म्हणून तर तुमच्यावर कधी राग धरला नाही."

जरा वेळाने ताईने भीत भीत मुलीचं विचारलं. बाई हसल्या. एकोणिसाव्या वर्षी मुलगी आपणहून शोधत आली होती. आता दोन गल्ल्या पलीकडे राहते, दर रविवारी जेवायला येते.

"हे शेवटी लिहू का?"

"नको. खटला तुमचाही होता, तो लिहा. रविवार माझे आहेत."

ताईने ते प्रकरण नव्याने लिहिलं. बाई बटणाकडे बघत राहते, आणि वकीलबाई बाहेर जाऊन रडते. तेवढं एक पान लिहायला तिला महिना लागला. मग तीनशे प्रती छापून घेतल्या. खोकी पुढच्या खोलीत रचली, तर येणाऱ्याजाणाऱ्याला अंग चोरून बसावं लागायचं. जुने विद्यार्थी आले, कोर्टातले कारकून आले, एक निवृत्त न्यायाधीश तर दोनदा आले. वर्षभरात खोली मोकळी झाली.

वाचक अजून पत्रं पाठवतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: त्या मुलीचं पुढे काय झालं? ताई प्रत्येकाला स्वतःच्या हाताने उत्तर लिहिते, "मला माहीत आहे. पण सांगायचा अधिकार माझा नाही."